मर्यादा पाळण्याआधी ती तपासावी

किराणा खर्चाची मर्यादा ठरवूनही ती तिसऱ्या आठवड्यातच ओलांडली जाते आणि याला स्वतःची बेशिस्त कारणीभूत आहे, असे आपण लिहिले आहे. मला मात्र दोष आपल्यापेक्षा त्या आकड्याचा अधिक वाटतो. भाव वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत असतील, तर तीन वर्षांत तीच यादी सुमारे १९ टक्क्यांनी महागते. मग जुनाच आकडा धरून बसल्यास कितीही काटकसर केली तरी ओढाताण होणारच. मागील तीन महिन्यांच्या पावत्या काढून त्यांची सरासरी धरावी आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा तपासावी.

दुसरी गोष्ट नजरेतून सहज निसटते. पुड्यावरची किंमत तीच राहते, पण आतले वजन ५०० ग्रॅमवरून ४५० ग्रॅमवर आलेले असते, म्हणजे किलोमागचा दर गुपचूप ११ टक्क्यांनी चढलेला असतो. हे लक्षात आल्यापासून मी पुडा हातात घेतला की आधी बारीक अक्षरांतले निव्वळ वजन वाचते आणि दर किती पडतो ते तिथेच काढते. मोठा पुडा नेहमीच स्वस्त पडतो असे नाही, हेही त्यातूनच कळले.

महिन्याचे चार समान भाग मात्र करू नयेत, कारण ३१ दिवसांत चार आठवडे आणि वर तीन दिवस असतात, आणि हिशेब नेमका तिथेच कोलमडतो. रक्कम दिवसांनी भागून दर आठवड्याला सात दिवसांचीच वेगळी काढावी. आणि कळकळीची विनंती, घरातल्यांच्या पोटाला चिमटा काढून आकडा गाठू नका. कपात करायचीच असेल, तर गेल्या महिन्यात खराब होऊन फेकलेल्या जिनसांपासून सुरुवात करा.