झिरकोनिया की लिथियम डायसिलिकेट? आखूड दाढेच्या कॅपबाबत सल्ला हवा आहे

नमस्कार. माझ्या खालच्या उजव्या पहिल्या दाढेचे रूट कॅनाल नऊ वर्षांपूर्वी झाले असून तिच्यावर धातू-पोर्सेलीनची कॅप होती. गेल्या महिन्यात खजूर खाताना ती अख्खी निघून हातात आली. धुऊन भिंगाखाली पाहिली, तर कुठे तडा नव्हता. मात्र जिभेकडील बाजूचे सिमेंट विरघळून गेले होते आणि तेथे कडेलगत तपकिरी रेघ उमटली होती. त्याच जागी फ्लॉसचा धागा वर्षभर का विसकटत होता, हे तेव्हा उमगले.

कोथरूडमधील दंतवैद्य एकसंध झिरकोनियाची (अतिशय कणखर सिरॅमिकची) कॅप सुचवतात, तर डेक्कनवरील दंतवैद्य लिथियम डायसिलिकेटची (काचयुक्त सिरॅमिकची). खर्चात फारसा फरक नसल्याने तो मुद्दा बाजूला ठेवतो.

नुसती ताकद पाहिली, तर 3 मोल टक्के इट्रिया (झिरकोनियात मिसळलेले स्थिरता देणारे ऑक्साइड) असलेल्या झिरकोनियाची वाकवून मोजलेली ताकद साधारण 900 ते 1200 मेगापास्कल असते आणि लिथियम डायसिलिकेटची 360 ते 500. परंतु 5 मोल टक्के इट्रियाचा अधिक पारभासक झिरकोनिया बराच कमी भरतो, आणि दवाखान्यात दोहोंना ‘झिरकोनिया’ एवढेच म्हणतात. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतील नमुन्यांचे आहेत, तोंडात बसवलेल्या कॅपचे नव्हेत.

माझी खरी अडचण दाढेच्या उंचीची आहे. घासून उरलेला भाग जेमतेम 3 मिलिमीटर आहे. डायसिलिकेटमध्ये काचेचा अंश असल्याने हायड्रोफ्लोरिक आम्लाने त्याचा आतला पृष्ठभाग खरबरीत करून रेझिन सिमेंटने ते घट्ट चिकटवता येते. पण त्याला चावण्याच्या बाजूला 1 ते 1.5 मिलिमीटर जाडी लागते, म्हणजे आधीच आखूड असलेली दाढ आणखी घासावी लागणार. झिरकोनिया त्याहून पातळ चालतो. मात्र त्यावर आम्लाचा तसा परिणाम होत नाही, त्यामुळे ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा आणि एमडीपी (झिरकोनियाशी रासायनिक बंध जोडणारा घटक) असलेले प्रायमर यांवर भिस्त ठेवावी लागते. त्यातच जिभेकडील कड हिरडीखाली आहे, तेव्हा चिकटवताना ती जागा कोरडी कशी राहणार, याविषयी दोघेही मोघमच बोलले.

मला रात्री दात खाण्याची सवय आहे आणि समोरची वरची दाढ नैसर्गिक आहे. त्या दाढेची झीज टाळण्यासाठी झिरकोनिया ग्लेझ करण्यापेक्षा (काचेसारखा चकचकीत थर देण्यापेक्षा) आरशासारखा पॉलिश केलेला बरा, असे वाचले आहे. प्रत्यक्ष वापराचा अनुभव कोणी सांगेल का? तसेच भट्टीत झिरकोनिया सुमारे 20 टक्के आकसतो म्हणून तो आधी मोठा कोरतात. त्यामुळे फिटिंगमध्ये काही उणीव राहते, की ते शेवटी माप घेण्यावर आणि लॅबवरच अवलंबून असते? कडेची फट 120 मायक्रॉनपर्यंत स्वीकारार्ह मानतात, पण सिमेंट लावण्यापूर्वी ती तपासून दाखवा असे दंतवैद्यांना नेमके कोणत्या शब्दांत सांगावे?

सध्या तात्पुरती कॅप आहे आणि पुढच्या शुक्रवारी माप द्यायचे आहे. दंतवैद्य किंवा लॅबमध्ये काम करणाऱ्या सभासदांनी लिहिल्यास विशेष उपकार होतील.