काविळीचा पाला सांगायचा का झाकून ठेवायचा?

माळदांडी : सांगोल्याजवळ मामाच्या गावात एक म्हातारबा काविळीचं औषध देतात. रविवारी, उपाशीपोटी, फुकट. पाला कशाचा ते घरातही सांगत नाहीत. सांगितलं की गुण जातो म्हणे. वय ऐंशीच्या पुढं, पोरगा पुण्यात. माझं म्हणणं, पाला ओळखून प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. नाहीतर म्हाताऱ्याबरोबर सगळं सरणावर जाणार.

डफरीनचौक : काय तपासणार बे? घाण पाण्यानं होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते. नाव मात्र पाल्याचं. भुईआवळ्याचं बघ. १९८८ ला लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, हिपॅटायटिस बी, म्हणजे काविळीचाच एक विषाणू, अंगात असलेल्या ३७ जणांना त्याची पूड दिली, २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण गेली. खोटी पूड घेतलेल्या २३ मध्ये एकाचीच. नंतर इतरांनी करून बघितलं, तसा गुण काही दिसेना.

माळदांडी : मग ते तपासल्यामुळंच कळलं ना? माझीच बाजू मांडायलास की.

वैदूचीनात : तपासा खुशाल, पण पदरात कुणाच्या पडणार? केरळात काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा नावाची वनस्पती संशोधकांना दाखवली, त्यातनं 'जीवनी' औषध निघालं, संशोधन संस्थेला मिळणाऱ्या पैशातले निम्मे काणींना द्यायचं ठरलं. ते हातात पडायलाही वर्षं गेली. आणि हे चांगलं उदाहरण बरं का! आमच्या आज्जीकडनं एक सर दोन वह्या भरून घेऊन गेले. फिरून तोंड दाखवलं नाही.

नान्नजचामाळ : मधेच बोलतो. शेळीला लागलं की आमच्याकडं धनगर दगडीपाला चोळतात. मी समजायचो, ऋषीमुनींच्या काळापासनं चालत आलंय. झाड मूळचं अमेरिकेतलं निघालं! म्हणजे इथल्याच कुणीतरी नव्या झाडावर प्रयोग केला की.

माळदांडी : वैदूताई, हळदीचं अमेरिकी पेटंट १९९७ ला रद्द झालं ते जुना छापील पुरावा होता म्हणून. तोंडी ज्ञानाला पुरावा कुठला? लिहिलंच पाहिजे.

वैदूचीनात : लिहा. पण गावच्या जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडपाल्याची नि त्याच्या माहितीची नोंद ठेवतात त्या वहीत, आज्जीचं नाव घालून. सरांच्या वहीत नको.

डफरीनचौक : नोंदी करा, कोण नको म्हणतंय. पण डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा. बाई गरोदर असेल तर रविवारची वाट बघू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

माळदांडी : मान्य. आत्ताच म्हातारबांना फोन लावला होता. म्हणाले, "पाला दाखवतो, पण अमावस्या होऊ दे."