हातावर खुणा नसल्या तरी
काहींना वाटतं की मेलेल्या माणसाच्या हातावर सुईच्या खुणा नाहीत म्हणजे तो इंजेक्शनने नशा करत नसणार, पण असं नसतं हो. मुरलेले लोक पायाच्या बोटांच्या बेचक्यात, जांघेत, अगदी जिभेखालीपण टोचतात, काही तर वणांवर टॅटू काढून घेतात, म्हणून संशय आला की पोस्टमॉर्टेम करणारे डॉक्टर शिरेवरची कातडी कापून खाली रक्त साकळलंय का ते बघतात. पण खरा पुरावा (मला तरी तोच सगळ्यात भारी वाटतो) फुप्फुसात असतो, तोंडाने घ्यायच्या गोळ्या कुटून टोचल्या की त्यातली टाल्क पावडर तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, भोवती छोट्या गाठी धरतात आणि मायक्रोस्कोपमध्ये पोलराइज्ड लाइटखाली (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात) ते कण चमकतात. हृदयाची उजवीकडची झडप इन्फेक्शनने खराब झालेली असली तरी शंका घ्यावीच. अर्थात ह्या सगळ्या जुन्या सवयीच्या खुणा, ओव्हरडोसनेच गेला का हे ठरवायला टॉक्सिकोलॉजी रिपोर्ट (शरीरात कुठलं विष किंवा ड्रग किती आहे त्याची तपासणी) लागतोच.