कोरी जमैकन रम: नेलपॉलिशच्या वासापलीकडे काही लागेना

जमैकाची न मुरवलेली हाय-एस्टर रम (एस्टर म्हणजे तीव्र, फळांसारख्या वासाची संयुगं), ६३ टक्के अल्कोहोल. नाकाला फक्त नेलपॉलिश रिमूव्हर जाणवतो. चाखायची कशी?

↳ २० मिली ओतून पंधरा मिनिटं तशीच ठेवा. तो वास मुख्यतः इथिल अ‍ॅसिटेट या एस्टरचा, लवकर उडतो. नाक ग्लासात खुपसू नका, बधिर होतं. तोंड किंचित उघडं ठेवून काठावरून हुंगा.

↳ आणि पाणी घाला हो! ८ मिलीत ती ४५ टक्क्यांवर येते. थेंबाथेंबाने घाला, प्रत्येक वेळी हुंगा. मग अननस (हा इथिल ब्युटिरेट), अतिपिकलं केळं, मागून ऑलिव्हचं खारं पाणी.

↳ मार्क (एस्टरच्या प्रमाणानुसार डिस्टिलरीने दिलेलं नाव) कोणता? हॅम्पडेन डिस्टिलरीच्या डीओके मार्कमध्ये शुद्ध अल्कोहोलच्या दर हेक्टोलिटरमागे १५००-१६०० ग्रॅम एस्टर असतात. ती मुळात मिश्रणासाठीच. डायक्विरी कॉकटेलमध्ये ५ मिली पुरे, बाकी साधी रम. चाखताना मात्र सगळ्यात शेवटी घ्या. नंतरचं काही कळत नाही.