शिरोली एमआयडीसी: रात्री लटकणारा सर्व्हर घरूनच रिसेट करायला काय घ्यावं? (बजेट २ हजार)

फौंड्रीवाला: आमच्या फौंड्रीत जुना रॅक सर्व्हर आहे, सेकंडहँड. लिनक्स, त्यावर बिलिंग. रात्री मधनंच लटकतो. पिंगला उत्तर नाही, एसएसएचनं (दुरून लॉगिन) आत जाता येत नाही. मग कागलहून गाडी काढायची, बटण दाबायचं, परत यायचं. घरून कमांड देऊन चालू-बंद करता येईल असं काहीतरी सुचवा. २ हजाराच्या वर मालक ऐकणार नाहीत.

उद्यमनगर_९: नवीन घ्या. आम्ही दिवाळीत सव्वा दोन लाखाचा घेतला, एकदाबी लटकला नाही.

फौंड्रीवाला: दादा, २ हजार.

रंकाळा_रूट: पैसे घालवायच्या आधी मागची बाजू बघा. नेटवर्कचा एक वेगळा पोर्ट असला तर आत बीएमसी असणार, म्हणजे बोर्डावरचा छोटा स्वतंत्र कॉम्प्युटर. ओएस मेली तरी तो स्टँडबाय विजेवर जागा असतो. सर्व्हरवर आयपीएमआयटूल (बीएमसीला कमांड देणारं सॉफ्टवेअर) टाका, 'लॅन सेट'नं बीएमसीला आयपी द्या. मग दुसऱ्या मशीनवरून लॅनप्लस (नेटवर्कवरून कमांड द्यायचा पर्याय) लावून 'चॅसिस स्टेटस' बघा, लटकला की 'चॅसिस पॉवर सायकल', म्हणजे वीज तोडून परत चालू. फुकट काम.

तांबडा_पांढरा: मीपण हेच सांगणार होतो, आयपीएमआयटूल. फक्त 'पॉवर सॉफ्ट' द्या. सायकलनं डिस्कचं वाटोळं होतं.

रंकाळा_रूट: सॉफ्ट म्हणजे ओएसला 'बंद हो' अशी विनंती. ती ऐकायला ओएस शुद्धीवर पाहिजे न्हवं?

तांबडा_पांढरा: मग 'रिसेट' द्या की.

रंकाळा_रूट: रिसेटमध्ये वीज तुटत नाही, एखादं कार्ड अडकलं असलं तर तसंच राहू शकतं. सायकल निदान १ सेकंद वीज तोडतं. आणि 'एमसी रिसेट कोल्ड' मारून वाट बघत बसू नका, त्यानं बीएमसी रिसेट होतो, सर्व्हर आहे तसाच.

गंगावेस_गडी: वाद घाला निवांत, पण यूडीपी ६२३, म्हणजे बीएमसी ज्यावर कमांड ऐकतो तो पोर्ट, राऊटरवर इंटरनेटला उघडू नका भावा. आयपीएमआय २.० मध्ये (बीएमसीशी बोलायची ठरलेली पद्धत) लॉगिनच्या आधीच मागणाऱ्याला पासवर्डचा हॅश मिळतो, त्यावरून पासवर्ड हुडकता येतो. स्पेकच तसं आहे, पॅचची वाट बघू नका. व्हीपीएन (बाहेरून आत यायची सुरक्षित खाजगी वाट) टाका.

शाहूपुरी_सर्व्हिस: लटकतो का, ते कुणी इचारलंच नाही! आयपीएमआयटूलनंच 'सेल लिस्ट' (बीएमसीनं नोंदवलेल्या घटना) आणि 'एसडीआर' (सेन्सरचे आकडे) बघा. फौंड्रीची काळी भुकटी फॅनमध्ये लई बसते. एका गिऱ्हाइकाकडं फॅन शून्य आरपीएम दाखवत होता, अन् हे सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या देत बसलेले. आधी ब्लोअर मारा.

तांबडा_पांढरा: सेल लिस्ट मीपण सांगणार होतो.

उद्यमनगर_९: म्हणूनच म्हटलं, नवीन घ्या.

फौंड्रीवाला: सेल लिस्ट काढली. 'फॅन २ लोअर क्रिटिकल', म्हणजे फॅनचा वेग धोक्याच्या खाली, पानभर तेच. मागं पोर्टपण आहे. पण स्विचमध्ये जागा नाही आणि मालकांना व्हीपीएन समजावणं माझ्या आवाक्यात नाही. मोबाईलवर चालणारा स्मार्ट प्लग मागवलाय. 'चॅसिस पॉलिसी ऑलवेज-ऑन' तेवढं करून ठेवलं, वीज आली की आपोआप उठतोय.

रंकाळा_रूट: पॉवर सप्लाय किती आहेत त्याला?

फौंड्रीवाला: दोन. प्लग बंद केला की वीज खरंच तुटावी म्हणून एकाची पिन काढून ठेवली.

रंकाळा_रूट: नाद खुळा.

शाहूपुरी_सर्व्हिस: आणि फॅन?

फौंड्रीवाला: बघू सुट्टीदिवशी.