पाट्यांच्या दालनापासून सुरुवात करा
मुलं कंटाळतात म्हणून शहराच्या इतिहासाचं संग्रहालय वगळावं, हे मला अजिबात पटत नाही. पॅरिसचं कार्नाव्हाले संग्रहालय घ्या, १८८० मध्ये खुलं झालेलं. तिथे जुन्या दुकानांच्या पाट्यांचं अख्खं दालन आहे. घरांना क्रमांक नव्हते तेव्हा लोक पत्ता सांगायचे तो या पाट्यांवरून, आणि वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून पाटीवर चित्र किंवा वस्तूच असायची! कुठली पाटी कसल्या दुकानाची, हे मुलांना ओळखू द्या. तोवर माहितीफलक वाचून दाखवू नका. (‘काळं मांजर’ ही पाटी मात्र दुकानाची नाही, पॅरिसच्याच मोंमार्त्र भागातल्या कॅबरेची, म्हणजे गाण्या-करमणुकीच्या मद्यालयाची.) कायमस्वरूपी संग्रहाला तिकीट नाही. त्यामुळे सगळं एकाच दिवसात उरकायचा अट्टहास नको. आजी-आजोबा सोबत असतील तर नकोच.