रस्त्यांच्या प्रकल्पांत वाहतुकीच्या अंदाजावर किती विसंबावे?

धागाकर्ता:
रस्ता रुंद करण्यासाठी पुढील वीस वर्षांच्या वाहतुकीचे जे आकडे मांडले जातात, ते बहुधा चार टप्प्यांच्या मॉडेलमधून येतात. कोणत्या विभागातून किती फेऱ्या निघतील, त्या कोठे, कोणत्या साधनाने आणि कोणत्या मार्गाने जातील, याचे हे गणित १९५० च्या दशकात डेट्रॉईट आणि शिकागो येथील अभ्यासांत घडले. माझा आक्षेप एकाच ठिकाणी आहे: कित्येक अहवालांत फेऱ्यांचा तक्ता (कोठून कोठे किती फेऱ्या होतील) एकदाच तयार होतो आणि रस्ता बांधला तरी, न बांधला तरी तोच वापरला जातो. कोंडी वाढली तरी कोणी प्रवास टाळणार नाही आणि रस्ता मोकळा झाला तरी कोणी लांब राहायला जाणार नाही, असे त्यात गृहीत असते. परिणामी न बांधण्याचे तोटे आणि बांधण्याचे फायदे दोन्ही फुगतात. ड्युरँटन व टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवले, की आंतरराज्य महामार्गांच्या मार्गिका ज्या प्रमाणात वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात त्यांवरील वाहनांचे धावणेही वाढते.

पहिला प्रतिसाद:
हा दोष मॉडेलचा नव्हे, अर्धवट वापराचा आहे. शेवटच्या टप्प्यात निघालेला प्रवासाचा वेळ पुन्हा आधीच्या टप्प्यांत घातला, की तक्ता आपोआप बदलतो. ब्रिटनमध्ये साक्ट्रा या मुख्य रस्त्यांच्या मूल्यमापनावरील सरकारी सल्लागार समितीच्या १९९४ च्या अहवालाने रस्त्यामुळे नवी वाहतूक निर्माण होऊ शकते हे मान्य केले, तेही मॉडेल टाकून न देता. सॅन फ्रान्सिस्को परिसरात बार्ट रेल्वे सुरू होण्यापूर्वी अर्थतज्ज्ञ मॅकफॅडन यांच्या चमूने कामाच्या प्रवासातील तिचा वाटा ६.३ टक्के वर्तवला होता. प्रत्यक्षात तो ६.२ टक्के निघाला.

धागाकर्ता:
उदाहरण चांगले आहे, पण त्या वेळी रेल्वेचे बांधकाम बरेच पुढे गेले होते आणि अंदाजावर मंजुरी अवलंबून नव्हती. रस्त्याच्या अहवालाला ही मोकळीक क्वचितच मिळते.

दुसरा प्रतिसाद:
चूक कोणत्या दिशेने होते, हेही पाहावे. फ्लिव्बर्ग व सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासातील १८३ रस्ते प्रकल्पांपैकी निम्म्यांचा अंदाज २० टक्क्यांहून अधिक चुकला होता, पण सरासरीने प्रत्यक्ष वाहतूक अंदाजापेक्षा जास्तच निघाली, जे रस्त्यामुळे वाढणारी वाहतूक धरली जात नाही या धागाकर्त्यांच्या आक्षेपाशी जुळते. टोलच्या रस्त्यांवर मात्र अनेकदा उलटे घडते. सिडनीचा क्रॉस सिटी बोगदा २००५ मध्ये खुला झाला. रोज सुमारे ९०,००० वाहने अपेक्षित असताना त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास आली आणि चालवणारी कंपनी पुढच्याच वर्षी बुडीत निघाली. टोलच्या ठेक्यासाठी ज्याचा अंदाज सर्वांत आशावादी तोच मोठी बोली लावू शकतो, म्हणून निविदेची रचनाच फुगलेला आकडा निवडते. (मॉडेल बिचारे इथे केवळ निमित्त!)

पहिला प्रतिसाद:
याच कारणासाठी एकाच आकड्याऐवजी किमान ते कमाल असा पल्ला द्यावा आणि रस्ता खुला झाल्यावर एका व पाच वर्षांनी मोजणी करून ती अंदाजाशेजारी मांडावी. इंग्लंडच्या मोठ्या रस्त्यांबाबत असे मूल्यमापन होते.

धागाकर्ता:
मोजणीस माझी हरकत नाही, परंतु तोवर रस्ता बांधून झालेला असतो. रस्ता बांधला आणि न बांधला या दोन्ही स्थितींचे तक्ते वेगळे मांडलेले नसतील, तर त्या अहवालातील वेळेच्या बचतीचा आकडा मंजुरीच्या टिपणीत घेऊच नये, एवढीच माझी मागणी आहे.